कल्याणहून पैठणला, नाणेघाटमार्गे

कल्याण, २४ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल नाणेघाट चढून आले. फोनवर हे सगळं नीट सांगून झालं नसतं, म्हणून पत्रच लिहिते. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

ऑफिसातल्या दोघी बरोबर होत्या. पहाटेची एसटी धरली, मुरबाड, टोकावडे करत वैशाखरे मागे टाकलं आणि पुढे रस्त्यालगत नाणेघाटाच्या पाटीपाशी उतरलो. सुरुवातीला झाडीतली पायवाट आहे, पुढे खडा चढ. गवत वाळून सोनेरी झालंय. एका ठिकाणी पाय घसरून तळहात खरचटला. आई, काळजी करू नकोस, लगेच हळद लावली.

वरच्या टप्प्यात दगडात खोदलेल्या पायऱ्या लागतात. त्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात, जुन्या पाट्याला मध्ये पन्हळ पडते ना, तशा. एका पायरीच्या खळग्यात पाणी साचलं होतं आणि त्यात वडाचं एक पान तरंगत होतं. मी तिथेच टेकले. दोन हजार वर्षं लोक याच वाटेने चढले-उतरले. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल बैलांच्या, माणसांच्या पाठीवरून हा घाट चढायचा, जुन्नरला यायचा आणि तिथून थेट पैठणला. बाबा, म्हणजे वाटेच्या या टोकाला मी राहते आणि त्या टोकाला तुम्ही दोघं! सहा वर्षं इथे नोकरी करतेय, पण हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. शाळेच्या पोरांना तुम्ही पैठणच्या जुन्या अवशेषांत, पालथ्या नगरीत घेऊन जायचात, खापराचे तुकडे हातावर ठेवून सातवाहनांच्या गोष्टी सांगायचात. त्या पोरांत मीही असायचे. काल त्याच गोष्टीच्या दुसऱ्या टोकावर बसले होते.

खिंडीच्या जरा खाली लेणं आहे. बाहेर पाण्याची टाकी, आत गारवा. दोन्ही बाजूंच्या भिंती ब्राह्मी अक्षरांनी भरल्यात. हा नागनिका राणीचा लेख, इ. स. पूर्व पहिल्या शतकातला. तिचा नवरा सातवाहन राजा पहिला सातकर्णी. तो गेल्यावर मुलं लहान, म्हणून कारभार तिने पाहिला असं मानतात. लेखाची सुरुवात नमनाने होते. धर्माला नमो, इंद्राला नमो, मग संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य, लोकपाल. आई, तू वाण्याची यादी करतानाही वर आधी 'श्री' काढतेस ना, अगदी तसं. पुढे राणीचं वर्णन आहे, महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी जगणारी. ते वाचताना मला चातुर्मासात एक वेळ जेवून सगळ्यांचं करणारी तू दिसलीस. तुझ्या उपासांवरून मी तुझ्याशी किती भांडलेय! या वेळी घरी आले की भांडणार नाही, तुझ्याबरोबर एक एकादशी करीन.

आता बाबांसाठी आकडे. राणीने आणि राजाने केलेल्या यज्ञांची दक्षिणा या लेखात मांडलीय. एका यज्ञाला १,७०० गाई आणि १० हत्ती! हे १,७०० आपण लिहितो तसे नाहीत. तेव्हा शून्य नव्हतं, स्थानाची किंमत नव्हती. दहाला एक खूण, शंभराला दुसरी, हजाराला तिसरी. सातशे लिहायचे तर शंभराच्या खुणेलाच सात जोडायचे. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. हात न उचलता भराभर लिहिताना त्याच दोन रेघा पुढे जोडल्या गेल्या आणि आपला २ झाला. पहिलीच्या पोरांना तुम्ही फळ्यावर आडव्या रेघा मारूनच आकडे शिकवायचात, आठवतं? लेखाची छापील प्रत मोबाइलवर उघडून मी भिंतीशी एकेक खूण ताडून पाहत होते. तुम्ही शेजारी हवे होतात असं इतकं वाटलं की घसा दाटून आला.

मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता वर फक्त नावं उरलीत आणि खाली कुठे कुठे पावलांच्या खुणा. राजा-राणीचं नाव एकाच ओळीत आहे, आणि राणीचं आधी: 'देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो'. आई, तू म्हण बरं एकदा मोठ्याने.

खिंड चढून पठारावर आलं की वाटेच्या कडेला मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत, असं सांगतात. समोर जीवधन किल्ला आणि कड्याखाली अख्खं कोकण. त्या वाऱ्यात बसून पिठलं-भाकरी खाल्ली.

आता मुख्य गोष्ट. पठारावर मला गाड्या उभ्या दिसल्या! जुन्नरहून घाटघरमार्गे डांबरी रस्ता थेट वर येतो. बाबा, 'गुडघ्यामुळे आता राहूनच गेलं' असं तुम्ही गेल्या वर्षी म्हणालात ते माझ्या मनातून गेलेलं नाही. पठारावरून लेण्यापर्यंत थोड्याच पायऱ्या उतरायच्या आहेत. उंच आहेत, पण आपण बसत बसत उतरू, घाई कुणाला आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी चार दिवस रजा टाकलीय. गाडी ठरवते, पैठणला येते, एक रात्र जुन्नरला मुक्काम करू आणि सकाळच्या उन्हात वर जाऊ.

बाबा, गुडघ्याचा पट्टा आणि भिंग बरोबर घ्या. आई, त्या दिवशी उपास असेल तर आधी कळव, मी भगर आणि दाण्याची आमटी करून आणीन.

तुमची,
मनू