दुसऱ्या वर्षाच्या अकाउंटन्सीचे नियम पहिल्याच तासाला लेखी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालये आता सुरू होतील. एसवायबीकॉमच्या, म्हणजे बीकॉम दुसऱ्या वर्षाच्या वर्गात अकाउंटन्सीचा पहिला तास होईल, शिक्षक फळ्यावर धड्याचे नाव लिहितील आणि थेट पहिले गणित सुरू होईल. या विषयात तुमच्याकडून काय अपेक्षा आहे, अंतर्गत गुण कशाचे मिळणार, चाचणी बुडाली तर काय करायचे, गाइडमधून उतरवलेले गणित चालेल की नाही, यातले काहीही मुलांना सांगितले जाणार नाही. सांगितले तरी तोंडी, आणि तेही परीक्षा तोंडावर आल्यावर. हे सगळे पहिल्याच तासाला, एका कागदावर, प्रत्येक मुलाच्या हातात पडायला हवे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी मालवणात कर सल्लागार म्हणून काम करते. काजू कारखानदार, आंब्याचे व्यापारी, ट्रॉलरमालक, होमस्टेवाले अशांची हिशेबाची कामे माझ्याकडे असतात. मध्यंतरी काही वर्षे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर एसवायला अकाउंटन्सी शिकवली. त्यामुळे वर्गातली मुले मी पाहिली आहेत आणि पदवी घेऊन माझ्या कार्यालयात काम मागायला येणारी मुलेही पाहते आहे.

दुसऱ्या वर्षाबद्दलच एवढे का बोलते, ते आधी सांगते. बारावीत आणि पहिल्या वर्षात बरेचसे काम नमुना पाठ करून भागते. डावी बाजू, उजवी बाजू, समायोजनांचे ठरलेले दोन परिणाम. दुसऱ्या वर्षी गणित तुम्हाला निर्णय घ्यायला लावते. भागीदारी मोडून पैसे टप्प्याटप्प्याने वाटण्याचा धडा घ्या. समजा, किनाऱ्यावरच्या एखाद्या गावातल्या तिघांनी मिळून ट्रॉलर घेतला. नफा-तोट्याचे प्रमाण २:२:१. भांडवल अनुक्रमे तीन लाख, दोन लाख आणि एक लाख. धंदा बसला. आधी जाळी विकली, मग इंजिन, शेवटी बोट. पैसा हप्त्याहप्त्याने आला. पहिल्या पैशातून विक्रीचा खर्च आणि बाहेरची देणी भागवायची : बँक, डिझेलवाला, बर्फाचा कारखाना. मग एखाद्या भागीदाराने फर्मला कर्ज दिले असेल तर ते. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ४८ मध्ये हाच क्रम आहे. त्यानंतर भांडवलाची परतफेड, आणि इथे मुले अडखळतात. कोणी पुढचा पैसा सरळ २:२:१ ने वाटतो, कोणी भांडवलाच्या ३:२:१ ने. खरे तर बाकीच्या दोघांचे दोन लाख आणि एक लाख पाहता २:२:१ ने पहिल्याचे दोनच लाख असायला हवेत, म्हणजे त्याचे भांडवल वाट्याच्या मानाने एक लाखाने जास्त आहे, म्हणून पहिला एक लाख एकट्या त्याला द्यायचा आणि त्यापुढचा पैसा २:२:१ ने. असे केले की नंतर एक रुपयाही आला नाही, तरी उरलेला तोटा तिघांवर ठरलेल्याच प्रमाणात बसतो. हे ज्याला कळले तो कोणत्याही फर्मचे गणित सोडवील. ज्याने कोष्टक पाठ केले, तो चौथा भागीदार आला की थांबतो.

मालसाठ्याच्या मूल्यांकनाचेही तसेच. ३१ मार्चला आमच्याकडे काजूचा हंगाम भरात असतो, कारखान्यांची गोदामे कच्च्या बियांनी भरलेली असतात. समजा, एक हजार किलो बी किलोला १२० रुपयांनी घेतली, नंतर एक हजार किलो १४० ने, आणि बाराशे किलो फोडून झाली. उरलेल्या आठशे किलोची किंमत 'आधी आले ते आधी गेले' या पद्धतीने १,१२,००० रुपये होते, भारित सरासरीने १,०४,०००. नफ्यात आठ हजारांचा फरक पडला, माल तोच. म्हणूनच एकदा धरलेली पद्धत दर वर्षी सोयीनुसार बदलता येत नाही. आणि विकून मिळणारी निव्वळ रक्कम मूळ खर्चापेक्षा कमी असेल तर लेखा मानक २ प्रमाणे, म्हणजे मालसाठ्याच्या मूल्यांकनाच्या ठरलेल्या नियमाप्रमाणे, ती कमी रक्कमच धरावी लागते. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलांचा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर हात भराभर चालतो, पण हा आकडा असाच का, असे विचारले की उत्तर येते, "टॅलीत तसाच येता मॅडम." मुलगा हुशार असतो. त्याच्याकडून या 'का'चे उत्तर अपेक्षित आहे, हे त्याला कुणी कधी सांगितलेलेच नसते.

आता त्या कागदावर काय असावे ते. सर्वांत आधी, काय येत असले पाहिजे. भागीदाराचा प्रवेश, निवृत्ती, मृत्यू, फर्मचे विसर्जन हे सगळे बारावीला झालेले असते, पण ते झालेले आहे असे गृहीत धरून पुढे जाणे धोक्याचे. बारावी शास्त्र किंवा कला शाखेतून करून कॉमर्सला आलेली दोन-चार मुले प्रत्येक वर्गात असतातच. पहिल्या आठवड्यात वीस गुणांची एक चाचणी घ्यावी, तिचे गुण कुठेही धरू नयेत, आणि ज्यांना जमले नाही त्यांच्यासाठी पहिला महिना शनिवारी जादा तास ठेवावा. हे मी करून पाहिले आहे. शनिवारच्या तासाला बसलेल्यांपैकी काही मुली पुढे वर्गात सर्वांच्या पुढे गेल्या.

दुसरे, घरी किती वेळ द्यायचा. चार क्रेडिटच्या विषयाला वर्गात साठ तास असतात. तेवढेच तास घरी वही आणि पेन घेऊन बसल्याशिवाय हा विषय येत नाही, आणि हे मुलांना आकड्यांत सांगावे लागते. आठवड्याला तीन गणिते, स्वतःच्या अक्षरात, वर्किंग नोट्ससह, म्हणजे प्रत्येक आकडा कसा आला त्याच्या टिपणांसह. वर्किंग नोट्सवर मी अडून बसत असे. शेवटचे उत्तर चुकले पण टिपणे बरोबर असतील तर गुण, आणि उत्तर बरोबर पण टिपणे नसतील तर अर्धेच. सीएच्या परीक्षेतही कार्यटिपणे हा उत्तराचाच भाग मानतात.

तिसरे, अंतर्गत गुण. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत शंभरापैकी ४० गुण महाविद्यालयाच्या हातात आहेत. आज मी शिकवत असते तर ते असे वाटले असते : दहा-दहा गुणांच्या दोन चाचण्या, साप्ताहिक वहीला दहा, आणि फळ्यापाशी उभे राहून स्वतःचे गणित वर्गाला समजावून सांगण्याला दहा. हजेरीला शून्य. ७५ टक्के उपस्थितीचा नियम विद्यापीठाचा आहे आणि तो पाळायचाच, पण बाकावर बसल्याबद्दल वेगळे गुण कशाला? आणि सरसकट सगळ्यांना पस्तीस-छत्तीस गुण देऊन टाकायचे, हे तर मुळीच नको. महाविद्यालयाचा निकाल चांगला दिसतो, पालक खूश होतात, आणि विद्यापीठाच्या पेपरात साठापैकी बावीस पडले की मुलगा घरी येऊन म्हणतो, पेपर कडक तपासला. त्याला कच्चा ठेवला तो आपण, हे त्याला कळत नाही. माझा याबद्दलचा राग आजही गेलेला नाही.

चाचणी बुडण्याचा नियम मात्र कोकण पाहून करावा लागेल, मुंबईचा चालणार नाही. आमच्या खेड्यांतली मुले पहाटेच्या वस्तीच्या गाडीने येतात. जुलैत रस्त्यावर झाड पडले, पुलावरून पाणी गेले, गाडी बंद पडली की त्यांचा दिवस गेला. "गाडीच येवक नाय" हे कारण मी असंख्य वेळा ऐकले आहे आणि बहुतेक वेळा ते खरे होते. अशा मुलाकडून अर्ज, पालकांचे पत्र, डॉक्टरांचा दाखला मागणे म्हणजे त्याला खोटा कागद आणायला शिकवणे. त्यापेक्षा प्रत्येक सत्रात एक फेरचाचणी आधीच ठरवून जाहीर करावी. ज्याची चाचणी बुडाली त्याने यावे, कारण विचारू नये, गणिते वेगळी असावीत. एकच संधी, दुसरी नाही. नियम असा सरळ असला की मुलेही त्याचा गैरफायदा घेत नाहीत, हा माझा अनुभव.

चाचण्यांच्या तारखाही इथल्या वर्षाप्रमाणे लागाव्यात. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात चाचणी ठेवू नये. घराची रंगरंगोटी, गणपतीवर बांधायची माटवी, मुंबईहून येणारी माणसे. त्या दिवसांत घरातल्या मुलीच्या हातात वही राहत नाही. दुसऱ्या सत्रात दोन्ही चाचण्या शिमग्याच्या आत संपवाव्यात. त्यानंतर देवगडकडच्या आंबा कलमांच्या बागांमध्ये आणि पॅकिंगच्या शेडमध्ये कितीतरी मुले पेट्या भरायला जातात, आणि ते पैसे पुढच्या वर्षाच्या फीचे असतात. त्यांनी काम सोडावे असे सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. वेळापत्रक बदलणे आपल्या हातात आहे.

आता मोबाइल. गणिताचा फोटो काढला की पूर्ण उत्तर देणारी ॲप्स आज प्रत्येकाच्या खिशात आहेत. त्याआधी गाइडे होती. घरी काय वापरले हे शिक्षक तपासू शकत नाही, म्हणून त्यावर बंदीचा नियम लिहिण्यात अर्थ नाही. नियम असा असावा की वहीत जे आहे ते फळ्यावर समजावून सांगता आले पाहिजे. नाही सांगता आले तर त्या आठवड्याच्या वहीला शून्य. मित्रांनी एकत्र बसून गणिते सोडवायला माझी पूर्ण परवानगी असे, उलट मी तसे सांगत असे, फक्त प्रत्येकाची वही वेगळी हवी. वर्गातल्या चाचणीत साधा कॅल्क्युलेटर चालेल, मोबाइलमधला नाही. चाचणीत कॉपी सापडली तर त्या चाचणीला शून्य, दुसऱ्यांदा सापडली तर प्रकरण परीक्षा समितीकडे. संस्थेच्या पदाधिकाऱ्याचा मुलगा असो की खलाशाचा, शब्द तोच. हे आधी छापून दिलेले असले की ऐन वेळी शिक्षकावर दबाव आणणे कठीण जाते.

कागदावर शिक्षकाचीही बाजू हवी. तपासलेल्या चाचण्या आठ दिवसांत परत मिळतील, सोडवलेले उत्तर वर्गात करून दाखवले जाईल, गुणांबद्दल शंका कधी आणि कोणाला विचारायची, हे लिहून द्यावे. मुलांना नियम लावायचे आणि स्वतः पेपर दोन-दोन महिने कपाटात ठेवायचे, असे होऊ नये. यात शासनाचाही भाग आहे. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाची नेमणूक वेळेवर झाली नाही तर पहिला तास घेणार कोण? मी शिकवत होते तेव्हा नेमणुकीचे पत्र हातात पडेपर्यंत श्रावण उजाडलेला असे. पहिले सत्र निम्मे सरल्यावर अपेक्षा सांगून काय उपयोग? ही पदे जूनच्या आत भरली गेली पाहिजेत, आणि खरे तर ती कायम भरली गेली पाहिजेत.

कोणी म्हणेल, खेड्यातल्या मुलांवर एवढे नियम कशाला, पास झाली तरी पुष्कळ. मला हे मुळीच मान्य नाही. ५५ टक्के गुणांनी बीकॉम झालेल्याला सीएच्या इंटरमीजिएटला, म्हणजे मधल्या टप्प्याच्या परीक्षेला, थेट प्रवेश घेता येतो. तिथे प्रत्येक पेपरात ४० टक्के आणि पेपरांच्या गटाच्या एकूण गुणांत ५० टक्के लागतात, आणि पहिलाच पेपर अॅडव्हान्स्ड अकाउंटिंगचा. आमच्या मुलांना ५५ टक्के पडतात. पण ज्या पायावर तो पेपर उभा आहे तो दुसऱ्या वर्षाचा पाया त्यांच्याकडून कुणी कसून मागितलेला नसतो. वेंगुर्ल्याच्या मुलीला डोंबिवलीच्या मुलीइतकेच कडक आणि इतकेच स्पष्ट नियम मिळाले पाहिजेत. त्यापेक्षा कमी अपेक्षा ठेवणे म्हणजे तिची वाट आपणच आखूड करणे.

मुंबई विद्यापीठाच्या अकाउंटन्सी अभ्यास मंडळाला विनंती आहे की अभ्यासक्रमाच्या सोबत अशा कागदाचा एक नमुना द्यावा, आणि तारखांचे रकाने महाविद्यालयांसाठी मोकळे सोडावेत. प्राचार्यांनी त्यासाठी थांबण्याची गरज नाही. विषयशिक्षकाने एक संध्याकाळ दिली तर कागद तयार होतो. पालकांनीही फी भरताना तो मागावा. माझ्या वर्गात मी वाटत असे तो कागद अजून जपून ठेवला आहे. कोणाही शिक्षकाला हवा असल्यास माझ्या कार्यालयात प्रत मिळेल. आपल्या गावच्या एसटीच्या वेळा आणि हंगाम पाहून त्यात हवे ते बदल करून घ्यावेत.

आपली,
एक कर सल्लागार,
मालवण, जि. सिंधुदुर्ग