नॅरोगेजच्या जुन्या मातीवर सायकल का नको?

संपादक साहेब, नमस्कार,

दोन महिने लेकाकडे इंग्लंडात बाथला होतो, आणि वयाच्या बासष्टीत परत सायकलवर बसलो. गाव तसं छोटंच, पण तिथून थेट ब्रिस्टलपर्यंत २१ किलोमीटर सायकलचा रस्ता आहे, तो म्हणजे बंद पडलेली जुनी रेल्वेलाईन, रूळ काढून डांबर टाकलंय बस. रेल्वेला चढ झेपत नसायचा म्हणून तिची वाट सपाटच असते, त्यामुळं गुडघेदुखीवाला माणूसपण आरामात जातो (मी गेलो, येताना मात्र ट्रेननं आलो, खोटं कशाला बोलू).

दुसरा रस्ता तर थेट बोगद्यातून जातो, कूम डाऊनचा बोगदा, दीड किलोमीटरच्या वर लांब, आत दिवे लावलेत. गाडी १९६६ ला बंद झाली आणि सायकली सुरू झाल्या २०१३ ला, म्हणजे त्यांनापण सत्तेचाळीस वर्षं लागलीच की.

आता मुद्द्याचं. आपली बार्शी लाईट रेल्वे १८९७ ची, अरुंद रुळांची म्हणजे नॅरोगेज, ती रुंद रुळांची ब्रॉडगेज झाल्यावर जिथं नवे रूळ दुसऱ्या बाजूनं गेले तिथली जुनी वाट नुसती बाभळी वाढवतीय. अतिक्रमण व्हायच्या आधी मोजणी करून निदान चार-पाच किलोमीटर मुरूम टाकून बघा ना, डांबर नंतर टाका. शाळेच्या पोरांना हायवेवरच्या उसाच्या ट्रॉल्यांशेजारनं सायकल मारायला लागतीय हो.

– एक वाचक, बार्शी