इंटर्नशिप सोलापुरातच व्हावी

महोदय,

इंटर्नशिपची वेळ आली की अभियांत्रिकीची मुले पुण्यात ओळखी शोधत फिरतात. काहींची तर नुसत्या प्रमाणपत्रावर बोळवण होते. इथे मात्र अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग आहेत, एनटीपीसीचे १,३२० मेगावॅटचे वीज केंद्र आहे, केगावला डाळिंब संशोधन केंद्र आहे. नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागाचेच घ्या. कोणते उभे धागे उचलायचे, हे पुठ्ठ्यावरची छिद्रे ठरवतात. जुन्या संगणकांत माहिती भरायची छिद्रांची कार्डे, म्हणजे पंचकार्डे, याच कल्पनेतून आली. हे आठवी-नववीच्या मुलांना मागापाशी नेऊन कॉलेजच्या मुलांनीच समजावावे आणि ते तास त्यांच्या इंटर्नशिपमध्ये धरावेत. कारखानदारांनी महिन्यातून एक शनिवार द्यावा. खडखडाटात काही ऐकू येणार नाही, तेव्हा घटकाभर माग थांबवावा लागेल, एवढेच!

– एक पालक, सोलापूर