सांगलीकरांनो, पुढची साथ यायची वाट बघू नका, टीबी-शुगरच्या पेशंटला आत्ता हात द्या

नमस्कार मंडळी,

मार्केट यार्डाजवळच्या वस्तीत एक मावशी राहतात, हळदीच्या गोडाऊनला कामाला जायच्या. घरात फ्रीज नाही म्हणून इन्सुलिनची बाटली डबीत घालून माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवतात. 2020 च्या लॉकडाऊनला काम बंद, हातात पैसा नाही, नेहमीची ओपीडी पण बंद, आणि इन्सुलिन दोन महिने सुटलं. मग कोरोना झाला. त्या वाचल्या, त्यांचे यजमान नाही वाचले, त्यांना आधी टीबी होऊन गेलेला.

कोरोनाला गरीब-श्रीमंत कळत नाही असं आपण सगळे म्हणायचो, पण एका खोलीत सहा माणसं असतील तर क्वारंटाइन कुठं व्हायचं? 1918 च्या तापाच्या साथीत पण हेच झालं, मुंबईत युरोपियन लोकांत हजारी 8 माणसं गेली आणि सरकारी नोंदीत ज्यांना 'खालच्या जातीचे' लिहिलं होतं त्यांच्यात हजारी 61!

आणि साथ जुना रोग पण वाढवून जाते बघा. 2019 ला देशात टीबीचे 24 लाख पेशंट नोंदले गेले, 2020 ला 18 लाखच, टीबी काय कमी झाला नव्हता, तपासण्याच थांबल्या होत्या आणि न सापडलेला पेशंट घरातच खोकत होता. त्यात शुगरवाल्याला टीबीचा धोका दोन-तीन पट.

म्हणून यंदा मंडळानं ठरवलंय, वस्तीतल्या टीबी पेशंटच्या अख्ख्या घराला सहा महिने शिधा द्यायचा. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, खात्यावर महिन्याला 1000 रुपये पण येतात, पण रोजगार बुडालेल्या घरात ते कुठं पुरणार, आणि उपाशी पोटी गोळ्या घेतल्या की मळमळतं, मग माणूस गोळ्याच सोडतो. घरच्यांना पण का, तर झारखंडमध्ये असा शिधा देऊन बघितला तेव्हा घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण जवळपास 40 टक्क्यांनी कमी आलं.

शेंगदाणे, डाळी, तेल, गूळ द्या, अंड्यांसाठी पैसे द्या. शुगर तपासायच्या पट्ट्या चालतील, एक्सपायरी बघून आणा. घरातली उरलेली औषधं मात्र आणू नका. टू-व्हीलर असेल तर महिन्यातली एक सकाळ द्या, पेशंटला सिव्हिलला सोडून परत आणायचं एवढंच काम आहे. पैसे दिले की पावती मागून घ्या. पेशंटचं नाव कुणाला सांगणार नाही, शिधा देताना फोटो काढणार नाही, तुम्ही पण काढू नका.

मंडळाच्या ऑफिसात रोज संध्याकाळी 7 ते 9 आम्ही असतो. रविवारी सकाळी पहिल्या पिशव्या भरायच्यात, ताई-दादा, हाताखाली माणसं कमी पडतायत, या.