दिवाळी अंकातली वीस पानं

न्यू जर्सी
१२ जुलै

प्रिय वैशाली,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय पर्यावरण आणि नेतृत्व, काय पाठवशील, असं तू विचारलंस. मला वीस पानं दे. कृष्णवर्णीय मुलींनी आणि तरुणींनी स्वतः लिहिलेलं छापू. त्यांच्याविषयीचे लेख नकोत. परवानग्या मी मिळवते, अनुवादही करते.

मिशिगनमधल्या फ्लिंटचं आठवतं ना? पैसे वाचवायला २०१४ मध्ये नदीचं पाणी सुरू केलं, पाइप झिजू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलं नाही, आणि शिसं घराघरातल्या नळात उतरलं. २०१६ मध्ये मारी कोपेनी या ८ वर्षांच्या मुलीनं थेट ओबामांना पत्र लिहिलं. त्यांनी उत्तर दिलं आणि मे महिन्यात ते फ्लिंटला आले. शाश्वत विकास हा शब्द ज्यांना जड वाटतो, त्यांनी हे पत्र वाचावं.

युगांडाच्या व्हनेसा नकातेचं नाव तू ऐकलंस ते बहुधा त्या फोटोमुळे. जानेवारी २०२० मध्ये दावोसला, जागतिक आर्थिक परिषदेच्या वेळी, हवामान बदलावर आवाज उठवणाऱ्या पाच तरुण कार्यकर्त्या शेजारी उभ्या होत्या, आणि छापताना कापली गेली ती एकटीच कृष्णवर्णीय. पुढच्या वर्षी तिचं पुस्तक आलं. पण मला त्या फोटोपेक्षा तिच्या चुलींत जास्त रस आहे. ती गावच्या शाळांत कमी लाकूड खाणाऱ्या चुली आणि सौरपॅनल बसवते. मोळ्या वाहिलेल्या आपल्या वाचक बायकांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

आता एक हट्ट. या पानांना कुणा मोठ्या माणसाची प्रस्तावना घेऊ नकोस. १७७३ मध्ये फिलिस व्हीटलीचा कवितासंग्रह लंडनला निघाला. तेव्हा ती विशीतली, बोस्टनमध्ये गुलाम होती. कविता खरंच हिनंच लिहिल्या, असं १८ प्रतिष्ठित पुरुषांच्या सह्यांचं पत्र पुस्तकाला जोडावं लागलं. बरोबर शंभर वर्षांनी जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्यांना अर्पण केली. त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध त्याआधी, १८५५ मध्ये, ‘ज्ञानोदया’त आला होता. मुक्ता चौदा वर्षांची. कुणीतरी तो छापला, म्हणून आज आपण तिचं नाव घेतो. माझा सगळा आग्रह त्या छापण्यासाठी आहे गं.

आणि भाषा घासूनपुसून गुळगुळीत करायची नाही. इथल्या वाचनालयात शनिवारी मी मुलींबरोबर बसते. बारा वर्षांच्या एकीनं शाळेसमोरून जाणाऱ्या मालट्रकांच्या धुरावर लिहिलं होतं. मी वही लाल करून दिली. तिनं ती शांतपणे चाळली आणि विचारलं, “यातलं माझं कुठलं?” आठवडाभर मला ते टोचत राहिलं. पुढच्या शनिवारी आम्ही दोघींनी मिळून तिची मूळ वाक्यं परत आणली, एक चुकलेलं क्रियापदसुद्धा, कारण ती घरी तसंच बोलते. अनुवादात ते क्रियापद कसं आणायचं, हे अजून सुटलेलं नाही. तुझ्या आईंना विचार, त्यांचा कान तयार आहे.

मानधन मोठ्या लेखकांना देतेस तेवढंच द्यायचं. कमी पडलं तर माझ्याकडून घे.

महिनाअखेर कळव, म्हणजे मी पत्रं पाठवायला लागते.

तुझीच,
मृणाल