वीस उत्तरं पाठ करणाऱ्या मित्रास

नागपूर,
मे महिना, भर दुपार

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मिळालं. वीस दीर्घोत्तरी प्रश्नांची वीस उत्तरं सुवाच्य अक्षरात लिहून काढलीस, प्रत्येक उत्तर चार पानांचं, आणि आता ती शब्दन्‌शब्द पाठ करून राहिलास. वर मलाच विचारतोस, की लवकर पाठ व्हायची काही युक्ती असेल तर कळव. भैताडा, युक्ती आहे, पण ती ऐंशी पानं मिटून ठेवण्यापासून सुरू होते. कष्ट वाया गेले असं नाही म्हणत मी. लिहिताना जे डोक्यात शिरायचं ते शिरलंच असेल. माझं भांडण तुझ्या पुढच्या महिन्याच्या बेताशी आहे.

आपल्या मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात स्मृती आणि विस्मरणाचं अख्खं प्रकरण आहे. ते आपण परीक्षेसाठी पाठ करतो आणि पाठ करताना त्यातलं काहीच वापरत नाही. तो हर्मान एबिंगहाउस आठव. प्रयोगकर्ताही तोच, प्रयुक्तही, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तोही, तोच. अर्थ नसलेली अक्षरपदं बनवायची, घड्याळाच्या ठोक्यावर घोकायची, मध्ये वेळ जाऊ द्यायचा, आणि पुन्हा पाठ करताना किती कष्ट वाचले ते मोजायचं. १८८५ साली त्याने आकडे छापले. वीस मिनिटांनी बचत ५८ टक्के, तासाभराने ४४, दिवसाने ३४ च्या आसपास, महिन्याने २१. आपण तो विस्मरणाचा वक्र काढतो, खाली नाव घालतो, पान उलटतो. पण उतार कुठे आहे ते बघ ना! सगळी घसरगुंडी पहिल्या तासात आणि पहिल्या दिवसात. उजळणी कधी करायची हे त्या आकृतीतच लिहिलेलं आहे. आणि हे हाल निरर्थक पदांचे. त्याच माणसाने एका इंग्रजी दीर्घकवितेची कडवी पाठ केली, तेव्हा कष्ट साधारण एक दशांशच लागले. अर्थ असला की स्मृती हात देते. तू मात्र अर्थ असलेलं उत्तर घोकून घोकून निरर्थक करून टाकतोस.

तुझ्या यादीतला मिलग्रामच घे, हुकूम मिळाला म्हणून माणूस दुसऱ्याला विजेचे झटके देत कुठवर जातो हे बघणारा. तू पाठ केलंस, ‘मिलग्रामच्या आज्ञापालनविषयक प्रयोगाचे सविस्तर वर्णन करा.’ समज पेपरात आलं, ‘आज्ञापालन हे व्यक्तीपेक्षा परिस्थितीवर अवलंबून असते. चर्चा करा.’ तुझं उत्तर न्यू हेवनच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातीपासून निघणार, मग साडेचार डॉलर मानधन, मग खोटं विजेचं यंत्र, मग शेजारच्या खोलीतून येणारे ओरडे, आणि तीन पानं भरल्यावर ६५ टक्के. चर्चा कुठाय? तपासणाऱ्याला वाटणार, या पोराला येतं खूप पण विचारलेलं सोडून सगळं.

आता हेच मी कसं ठेवतो ते सांगतो. मूळ प्रयोगात ४० पुरुष, त्यातले २६ शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले, म्हणजे ६५ टक्के. मग त्याने परिस्थिती बदलत नेली. विद्यार्थ्याची भूमिका करणारा माणूस त्याच खोलीत आणून बसवला, तर ४० टक्के. त्याचा हात धरून पट्टीवर दाबायला लावला, तर ३०. प्रयोगकर्ता खोलीबाहेर जाऊन फोनवरून हुकूम देऊ लागला, तर जेमतेम २१. येलची प्रतिष्ठित इमारत सोडून ब्रिजपोर्टच्या एका साध्याशा कार्यालयात तोच प्रयोग केला, तर साडेसत्तेचाळीस. आणि सोबतच्या दोघांनी मध्येच ‘आम्ही नाही करत’ म्हणून उठून दाखवलं, तर फक्त १०. बस, हे आकडे तोंडपाठ. त्यांच्या शेजारी तीन-चार नावं. डायना बॉमरिंड, १९६४, नीतीचा आक्षेप. ऑर्न आणि हॉलंड, १९६८, लोकांना तो झटका खरा वाटला तरी होता का? बर्गर, २००९, दीडशे व्होल्टला प्रयोग थांबवला आणि तोवर ७० टक्के लोक पुढे जायला तयार होते.

परिस्थितीचा प्रश्न आला की बदलत्या आकड्यांपासून सुरुवात करायची, मूळ प्रयोग चार ओळींत. नीतीचा आला की बॉमरिंड आधी. ‘हे निष्कर्ष आजही लागू होतात का’ असं आलं की बर्गर. कस्तुरचंद पार्कजवळ आपण तर्री-पोहे खायचो तिथली रीत आठव. पोहे तयार, तर्री वेगळ्या पातेल्यात, आणि गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की विचारून मग वरून ओतायची. पोह्यांत सकाळीच तर्री कालवून ठेवली तर दहा वाजेपर्यंत लगदा होईल. तुझी वीस उत्तरं कालवून ठेवलेली आहेत.

म्हणून घोकंपट्टीलाच नावं ठेवणारा मी आहे असं समजू नको. ‘पाठांतर नको, आकलन हवं’ असं भाषण देणाऱ्यांना एकदा मे महिन्यात तीन तासांच्या पेपराला बसवावं. आपल्या आज्यांना पावकी, निमकी, दिडकी येत होती आणि त्या हिशेबात मार खात नव्हत्या. एका वेळी मनात किती गोष्टी मावतात, तर मिलर १९५६ मध्ये सात, अधिक-उणे दोन म्हणाला. पुढे २००१ मध्ये कोवानने तो आकडा चारच्या आसपास आणला. एवढ्याशा जागेत तू परीक्षेच्या वेळी नाव शोधणार, साल शोधणार, की युक्तिवाद रचणार? नावं, सालं, आकडे, व्याख्या हे सगळं विचार न करता हाताशी यायला हवं, म्हणजे ती जागा मोकळी राहते. व्याख्या तर मी स्वल्पविरामासकट पाठ करतो. तिथे स्वतःची भाषा वापरायला गेलं की एखादा महत्त्वाचा शब्द गळतो आणि अर्धा गुण जातो. वाक्यं मात्र जागेवरच सुचू द्यावीत. आणि तुला सुचतात बे, माझ्यापेक्षा कितीतरी बरी. पत्र किती लांब लिहिलंस बघ.

आता पाठ कसं करायचं. तू लिहिलंस, की उत्तर सहा-सात वेळा वाचलं की ‘बसल्यासारखं’ वाटतं. हे वाटणं फार लबाड असतं. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग आपल्या नोट्समध्ये नाही, म्हणून थोडा सविस्तर सांगतो. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तर पुन्हा वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तर उलटं झालं. पुन्हा वाचणारे ४२ वर आणि लिहून बघणारे ५६ वर. ज्या पाच मिनिटांत तुला बसल्यासारखं वाटतं, ती पाच मिनिटं तुझी फसवणूक करतात. परीक्षा काही पाच मिनिटांनी नाही.

तेव्हा कोरा कागद घे. वर फक्त ‘लॉफ्टस आणि पामर, १९७४’ एवढं लिही आणि वही दुसऱ्या खोलीत ठेव. दुसऱ्या खोलीतच, हं, उशाखाली नाही. आठवेल ते लिही. पहिल्यांदा वैताग येतो, अपघातातल्या गाड्या ‘धडकल्या’ऐवजी ‘आदळल्या’ असं विचारलं तर वेगाचा अंदाज कसा बदलला एवढंच आठवतं, आकडे हवेत जातात. येऊ दे वैताग. मग लाल पेनाने राहिलेलं भर. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग दोन दिवस सोडून, मग आठवड्याने. पाच वेळा एकाच बैठकीत करशील तर त्याला मी काही अभ्यास म्हणणार नाही.

लाल पेन यासाठी महत्त्वाचं, की आठवणीवर भरवसा ठेवायचा नसतो. बार्टलेटने १९३२ मध्ये दाखवलंच होतं. इंग्रज वाचकांना परक्या टोळीची एक गोष्ट वाचायला दिली आणि पुन्हा पुन्हा सांगायला लावली, तर ती लहान होत गेली आणि त्यांच्या ओळखीची होत गेली. होडकं जाऊन बोट आली. आपलंही तेच होतं. आपल्या अभ्यासिकेत मी निदान तिघांच्या तोंडून ऐकलंय, की मिलग्रामचे प्रयुक्त कॉलेजचे विद्यार्थी होते. नव्हते. २० ते ५० वयाचे, वेगवेगळ्या धंद्यातले पुरुष होते. पण ‘मानसशास्त्राचा प्रयोग म्हणजे विद्यार्थी’ हा साचा डोक्यात पक्का, तर आठवण आपोआप त्यात जाऊन बसते. पुस्तकाशी ताडून न बघता घोकलेली चूक फारच पाठ होते.

इथली हालत विचारशील तर पारा ४४ च्या खाली यायला तयार नाही. अभ्यासिकेच्या कूलरच्या ताट्या नव्या घातल्यात, तरी दोननंतर तो गरमच वारा फेकून राहिला. लाइट गेली की सगळे एका सुरात ‘अरे बाप्पा’ म्हणतात आणि वहीनेच वारा घेतात. मी पहाटे अंबाझरीकडे एक चक्कर मारतो आणि सकाळीच काय ते करून घेतो. बर्डीला जायचं असलं की मेट्रोत बसून उजळणी. थंड असते आणि शेजारचा बोलत नाही. एलएडी चौक आला की अॅश, शंकर नगर चौक आला की मिलग्राम, झाशी राणी चौकापर्यंत झिम्बार्डो संपवायचा. एक-दोनदा ओठ हलताना बघून समोरच्या काकूंनी हनुमान चालिसा समजून हात जोडले, असो.

तू विचारलंस, की महिनाभर आधीच नागपूरला येऊन केंद्राजवळ खोली घेऊन अभ्यास करावा का, कारण जिथे शिकलं तिथे जास्त आठवतं. गॉडन आणि बॅडली, १९७५, पाणबुडे. पाण्याखाली शिकलेले शब्द पाण्याखाली जास्त आठवले, जमिनीवर शिकलेले जमिनीवर. खरं आहे. पण पाण्याखाली आणि जमिनीवर एवढा फरक वर्धा आणि नागपुरात आहे का सांग! शिवाय त्याच दोघांनी १९८० मध्ये प्रत्यभिज्ञा, म्हणजे समोर आलेलं ओळखणं, तपासली, तर तिच्यात फरक पडला नाही. आणि स्मिथ, ग्लेनबर्ग, बिऑर्क यांनी १९७८ मध्ये एकच यादी दोन निरनिराळ्या खोल्यांत शिकवली, तर ती तिसऱ्या खोलीत एकाच खोलीत शिकणाऱ्यांपेक्षा जास्त आठवली. तेव्हा खोलीचं भाडं वाचव. घरी गच्चीवर बस, वाचनालयात बस, रेल्वेच्या बाकावर बस. जागा बदलत राहा.

आणि रात्रभर जागू नको. वहिनींनी फोनवर सांगितलं, तू तीनपर्यंत दिवा लावून बसतोस. जेंकिन्स आणि डॅलनबाख, १९२४, अवघे दोन प्रयुक्त, पण निकाल स्पष्ट. शिकल्यावर झोपले तर जास्त आठवलं, जागे राहिले तर कमी. कारणाबद्दल पुढे पुष्कळ वाद झाले, पण कुठल्याच बाजूने ‘झोपू नका’ असं म्हटलेलं माझ्या वाचनात नाही.

टेन्शन थोडं असलेलं बरं, हे तुझं वाक्य येर्क्स आणि डॉडसनच्या उलट्या यू-वक्रातून आलंय हे कळलं मला. पुस्तकात त्या आकृतीखाली परीक्षेला बसलेला विद्यार्थी काढतात. १९०८ चा तो प्रयोग उंदरांवर होता, आणि तेही नाचऱ्या उंदरांवर. पेपरात लिहिताना हे अर्ध्या ओळीत टाक, चिकित्सक परीक्षणाचा एक मुद्दा फुकटात मिळतो. मला अशा जागा फार आवडतात. सगळे जो वक्र काढतात तो कशावरून आला एवढं जरी माहीत असलं, तरी उत्तर गाईडमधून उचललेलं दिसत नाही.

तर असं कर. वीस उत्तरांच्या वह्या फेकू नको. प्रत्येकातून नावं, सालं, आकडे आणि एक-दोन आक्षेप उपसून अर्ध्या पानावर घे, बाकीचं विसर. रविवारी सकाळच्या गाडीने ये. मी तुला प्रश्न काढतो, तू मला काढ. वाकडे काढायचे, गेल्या वर्षीच्या पेपरातले नाही. घड्याळ लावून लिहू, आणि एकमेकांचं तपासू. गुण देताना दया दाखवायची नाही, हे आधीच ठरवून घेऊ. संध्याकाळी फुटाळा तलावावर जाऊ, तिथे मानसशास्त्राचं नाव काढायचं नाही.

येण्याआधी एक लिहून आण, वही न उघडता: ‘विस्मरण म्हणजे आठवण नष्ट होणे नव्हे, ती सापडेनाशी होणे होय. चर्चा करा.’ तुझ्या वीसमध्ये हा प्रश्न नाही, मी यादी बघितली आहे. येताना हॉलतिकिटाची झेरॉक्सही घे, मागच्या वेळी तू ती घरीच विसरला होतास.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
पक्या