देवराईतल्या मंदिराला निधी देताना : ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ग्रामविकास व पंचायत राज मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

देवराईचा विषय निघाला की पत्र वनमंत्र्यांच्या नावे जाते. आम्ही ते आपल्याला लिहीत आहोत. आम्ही ज्या देवरायांमध्ये काम करतो, तिथे चोरट्या तोडीपेक्षा जास्त झाडे मंदिराच्या विकासकामांत जातात. सभामंडप, पोहोच रस्ता, वाहनतळ, हायमास्ट म्हणजे उंच खांबावरचे दिवे, पेव्हर ब्लॉक. यांतली बरीच कामे 'क' वर्ग तीर्थक्षेत्राच्या निधीतून, म्हणजे आपल्या विभागाच्या योजनेतून आणि जिल्हा नियोजन समितीच्या मंजुरीने होतात. गावाची मागणी खरी असते, भक्ती खरी असते, कागदपत्रेही बिनचूक असतात. फक्त प्रस्तावाच्या नमुन्यात मंदिराभोवतीच्या रानाबद्दल एकही प्रश्न नसतो.

घाटावर देवराई, तळकोकणात देवरहाटी, कुठे नुसती राई. काळकाई, वाघजाई, शिरकाई, भैरी, रवळनाथ, सातेरी यांच्या नावाने राखलेले हे तुकडे बहुधा काही गुंठ्यांपासून काही हेक्टरांपर्यंतचे. नियम मात्र सगळीकडे जवळपास सारखा : इथले काही न्यायचे नाही. कित्येक ठिकाणी वाळलेली फांदीसुद्धा नाही. फार तर महाप्रसादाच्या चुलीपुरते पडलेले लाकूड, तेही आवारातच. झाड तोडायचीच वेळ आली तर गुरव पाषाणावर पाकळ्या लावून कौल घेतो. उजवा कौल मिळाला तर काम, डावा मिळाला तर विषय संपला.

या रिवाजाला अंधश्रद्धा म्हणून हसणारे आहेत आणि 'आपल्या पूर्वजांचे विज्ञान' म्हणून मिरवणारेही आहेत. आमच्या मते दोघेही त्यातली मुख्य गोष्ट सोडतात. ईशावास्य उपनिषदाचा पहिलाच मंत्र मालकीचा प्रश्न निकाली काढतो : 'ईशावास्यमिदं सर्वं यत्किञ्च जगत्यां जगत्। तेन त्यक्तेन भुञ्जीथा मा गृधः कस्यस्विद्धनम्।' जे जे काही आहे ते ईश्वराने व्यापलेले आहे. त्यागपूर्वक उपभोग घे, कुणाच्याही धनाचा लोभ धरू नकोस. देवराई राखणाऱ्या कुणब्याने, धनगराने, महादेव कोळ्याने हा मंत्र ऐकला होता असा आमचा दावा नाही. वाघजाई आणि म्हसोबा हे काही उपनिषदांतले देव नव्हेत. पण मंत्र आणि देवराई राखणारे एकाच जागी पोहोचले : जमिनीचा मालक देव, माणूस सांभाळणारा. आपल्या कायद्यानेही देवमूर्तीला व्यक्ती मानले आहे. तिच्या नावे जमीन असू शकते, आणि पुजारी किंवा विश्वस्त तिचा मालक होत नाही. म्हणून देवराईत देवाची मालमत्ता म्हणजे केवळ गाभारा नव्हे. ते रानही देवाचेच. रान तोडून मंडप बांधणे म्हणजे देवाचेच धन मोडून देवाला अर्पण करणे.

अनेक राईंतल्या देवाला छप्पर चालत नाही अशी समजूत आहे. तांदळा, म्हणजे देव मानलेला अनघड दगड, उघड्यावर, वर बेहड्याचा किंवा आंब्याचा पसारा. जीर्णोद्धार सुरू झाला की पहिल्यांदा हीच समजूत बाजूला पडते. मग निधी कमी पडला म्हणून राईतली दोन-चार मोठी झाडे लाकूड ठेकेदाराला दिली जातात. मोठी, पोकळ, अर्धी सुकलेली झाडे 'धोकादायक' ठरवून आधी काढतात. धनेश पक्ष्याला घरट्यासाठी नेमकी तीच ढोली लागते. मादी तोंड लिंपून आठवडेच्या आठवडे आत कोंडून घेते, त्यासाठी लागणारी पोकळी तरण्या झाडात नसते.

रस्त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण 'फक्त दहाच झाडे जातील' हे वाक्य प्रत्येक बैठकीत ऐकू येते. समजा देवराई एक हेक्टरची आहे, १०० मीटर बाय १०० मीटर. कडेने ऊन आणि वारा आत शिरतो, पाचोळा सुकतो, सदाहरित झाडांची रोपे तग धरत नाहीत, रानमोडी आणि घाणेरी ही तणे माजतात. हा परिणाम फक्त २० मीटर आत जातो असे धरले तरी खरे सावलीचे रान उरते ६० बाय ६० मीटर, म्हणजे सुमारे ३६ गुंठे. आता मधोमध सहा मीटरचा रस्ता काढा आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर साफ करा. रस्त्यात गेले सुमारे दहाच गुंठे. पण राईचे दोन तुकडे झाले, प्रत्येक ४५ मीटर रुंद. दोन्हीकडून २० मीटर वजा केले की प्रत्येकात पाच मीटरची पट्टी उरते. आतले रान ३६ गुंठ्यांवरून सहा गुंठ्यांवर आले. मोजणी करणारा कागदावर दहा टक्के नुकसान लिहितो. राईला सहापैकी पाच हिस्से गेलेले असतात. मार्चमध्ये शेजारच्या डोंगरावर वणवा लागला की तो पूर्वी ओलसर पाचोळ्याशी येऊन विझायचा, आता कडेच्या सुक्या झाडोऱ्यातून आत येतो.

रस्ता कडेला थांबवता येतो. वाहनतळ, स्वच्छतागृह, सभामंडप हे सगळे राईच्या हद्दीबाहेर, रस्ता संपतो तिथे बांधावे. तिथून देवापर्यंत चार फुटांची पायवाट पुरते. ती मातीची असावी. चढ असेल तर जांभ्याच्या पायऱ्या सिमेंटशिवाय कोरड्या बसवाव्यात. वयस्कर भाविकांसाठी वाटेत दगडी बाक ठेवावेत. संरक्षक भिंतीऐवजी कोरड्या दगडांचा गडगा घालावा. त्याच्या फटींतून पाणी जाते, सरडे-बेडूक जातात, आणि तो पडला तर गावातला माणूस पुन्हा रचू शकतो. हायमास्ट नकोच. जत्रेच्या रात्रीपुरते तात्पुरते दिवे लावावेत.

झाडाच्या बुंध्याभोवती काँक्रीटचा पार बांधण्याची हौस आता सर्वत्र दिसते. झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या फूट-दीड फुटात असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पुढे गेलेली असतात. त्यावर भराव टाकून फरशी घातली की हवा तुटते, पाणी वाहून जाते, बुंध्याला ओल धरून कूज लागते. झाड लगेच मरत नाही, म्हणून दोष पाराला लागत नाही. काही वर्षांनी शेंडा वाळायला लागतो आणि तेच झाड 'धोकादायक'च्या यादीत येते.

पाण्याचे काम आणखी नाजूक. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी असलेल्या मंदिराच्या कुंडात २०२० साली माशाची एक नवी जात सापडली, शिस्तुरा हिरण्यकेशी. शासनाने २०२१ मध्ये त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. हा मासा तळाशी राहणारा. एखाद्या उत्साही कंत्राटदाराने कुंडाचा तळ सिमेंटने बांधून काढला असता तर काय गमावले हे कुणाला कळलेही नसते. त्याच वर्षी दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे इथल्या दलदलीलाही हा दर्जा मिळाला. तिथे जायफळाच्या कुळातली रानझाडे बारमाही चिखलात उभी आहेत आणि त्यांची मुळे श्वासासाठी गुडघ्यासारखी चिखलातून वर येतात. अशा ठिकाणी एक गटार किंवा चुकीच्या उंचीवर टाकलेली मोरी पुरेशी असते. पाणी उतरले की झाडे सुकू लागतात. म्हणून राईतला झरा, वहाळ, कोंड यांना सिमेंट लावायचे नाही, हा नियम लेखी हवा.

वृक्षारोपणाबद्दलही बोलणे भाग आहे. उद्दिष्ट पूर्ण करण्यासाठी 'मोकळी' जागा म्हणून देवराईत ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्डे मारले जातात. तो खड्डा नेमका त्याच बारीक मुळांच्या थरात जातो. आधी जो झाडोरा साफ करतात त्यातच पुढच्या पिढीची रोपे असतात : जांभूळ, अंजनी, सीताअशोक. त्यांच्या जागी येतात ऑस्ट्रेलियन बाभूळ, गिरिपुष्प किंवा शोभेचे पाम. अथर्ववेदाच्या पृथ्वीसूक्तात जमीन खणणाऱ्याने म्हणायची ओळ आहे : 'यत्ते भूमे विखनामि क्षिप्रं तदपि रोहतु। मा ते मर्म विमृग्वरि मा ते हृदयमर्पिपम्।' हे भूमी, मी तुझे जे खणतो ते लवकर भरून येवो. तुझ्या मर्माला, हृदयाला माझ्याकडून इजा न होवो. खणू नको असे ऋषी म्हणत नाही. मर्म कुठे आहे ते ओळख, असे म्हणतो. देवराईचे मर्म तिच्या पाचोळ्यात, मुळांच्या थरात आणि पाण्यात आहे.

लावायचेच असेल तर राईच्या आत नव्हे, कडेच्या उजाड पट्ट्यात लावावे, आणि बी त्याच राईतले घ्यावे. जायफळ कुळातल्या रानझाडांचे बी साठवणीत टिकत नाही, ते ताजे असतानाच पिशवीत पेरावे लागते. गारंबीच्या वेलीचे बी कठीण कवच थोडे घासल्याशिवाय रुजत नाही. रोपे गावातच दोन पावसाळे वाढवून मग लावावीत. बऱ्याच ठिकाणी एवढेही लागत नाही. गुरे आणि झाडू तीन-चार वर्षे बाहेर ठेवले, रानमोडी फुलण्याआधी मुळासकट उपटली, की राई कडेने स्वतः सरकते. पाचोळा झाडून जाळण्याची प्रथा मात्र थांबलीच पाहिजे. स्वच्छता अभियानाच्या फोटोत मोकळे अंगण छान दिसते, पण राईचे खत आणि ओल त्या धुरात जाते.

कायद्याची हत्यारे हाताशी आहेत. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३७ नुसार स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून वारसा स्थळ जाहीर करता येते. कलम ४१ खालच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या आपल्याच ग्रामपंचायतींत आहेत. त्यांच्या लोक जैवविविधता नोंदवह्या बऱ्याच गावांत मुदत गाठण्यासाठी घाईने भरल्या गेल्या, त्यात देवराईचे पान पुन्हा लिहून घ्यावे लागेल. आदिवासी गावांत वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वन राखण्याचा हक्क दिलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ च्या निकालात राजस्थानातल्या ओरणांचा, म्हणजे तिथल्या देवरायांचा, विचार करताना देशभरातल्या देवरायांसाठी धोरण आणि सर्वेक्षण सुचवले. हद्द वाढू शकेल पण घटणार नाही, अशी त्यात अपेक्षा आहे. मात्र फक्त वनखात्याचे कुंपण घालून भागणार नाही. गुरव आणि मानकऱ्यांना बाहेर ठेवले की ज्या धाकाने राई टिकली तो धाकही जातो.

मुंबईकर मंडळींनाही यानिमित्ताने विनंती आहे. जीर्णोद्धाराची वर्गणी बरीचशी तुमच्याकडून येते. ती गडग्याला, रोपवाटिकेला, राईच्या मोजणीला दिलीत तर तीही देवाचीच सेवा.

मंत्रिमहोदय, आपल्याकडे मागणी एवढीच : 'क' वर्ग आणि तत्सम निधीच्या प्रस्तावात एक रकाना घालावा. मंदिराभोवती देवराई आहे का, तिची मोजलेली हद्द किती, तीत कोणती झाडे आणि कोणता झरा आहे, आणि प्रस्तावित काम हद्दीपासून किती मीटर बाहेर आहे. सोबत जैवविविधता समितीचा ठराव आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत 'देवराई' अशी नोंद असल्याचा उतारा जोडणे बंधनकारक करावे. हद्दीच्या आतल्या बांधकामाला निधी नाही, हे त्याच कागदावर लिहावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरतो. पुढच्या वर्षाचे आराखडे जिल्हा नियोजन समित्यांपुढे जाण्याआधी तो निघावा.

आपले,
सह्याद्री आणि कोकणातल्या देवरायांत काम करणारे वनस्पती अभ्यासक, गुरव आणि ग्रामस्थ